दर शुक्रवारचा गोल

अंबरनाथच्या एका साप्ताहिकात मी क्रीडा-वार्ताहर झालो, त्याचं कारण माझ्याकडे मोपेड होती. खेळांशी माझा संबंध म्हणाल तर लहानपणी लगोरी खेळताना माझा एक दात पडला होता, एवढाच. संपादकांनी विचारलं, "गाडी आहे ना?" मी हो म्हटलं. "मग फुटबॉल तुम्ही बघा," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. दिवसा मी रंगाच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होतो. संध्याकाळी आणि रविवारी पत्रकार. दोन्हीकडे मला कोणी फारसं विचारत नसे, त्यामुळे माझा स्वभाव तेव्हापासूनच जरा तिरसट आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडच्या एका मोठ्या कंपनीची फुटबॉल टीम होती, आणि ती चांगली होती. सगळे खेळाडू पगारी. हजेरीपुस्तकात ते हेल्पर, फिटर, स्टोअरकीपर असत, पण आपलं मशीन नेमकं कुठल्या शेडमध्ये आहे हे त्यांच्यातल्या कित्येकांना माहीत नव्हतं. सकाळी कार्ड पंच करायचं आणि मैदानावर जायचं, दुपारी कॅन्टीनमध्ये इतरांच्या दुप्पट अंडी खायची आणि पुन्हा मैदानावर जायचं, हीच त्यांची नोकरी. बाकीचे कामगार आठवडाभर त्यांच्या नावाने बोटं मोडत आणि रविवारी त्यांच्यासाठीच घसा फोडत. मुंबईच्या बँकांच्या टीम इथे यायच्या आणि बहुतेक वेळा हात हलवत परत जायच्या.

मुंबईच्या पेपरांत याचा मागमूस नसे. निकालांच्या बारीक टायपात कुठेतरी तळाशी एक ओळ आली तर आली. त्यामुळे एका व्यावसायिक टीमची इत्थंभूत बातमी जगाला देण्याचा सगळा भार आमच्या चार पानी साप्ताहिकावर, म्हणजे माझ्यावर येऊन पडला होता. आमचं जग उल्हासनगरला सुरू होऊन बदलापूरला संपत होतं.

साप्ताहिक शुक्रवारी निघे. छपाई उल्हासनगरला, कॅम्पातल्या एका पायाने चालवायच्या ट्रेडल प्रेसवर. मालक सिंधी गृहस्थ होते. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलत आणि रागवायचं झालं की सिंधीत जात. त्यांच्या लेखी पहिला मान लग्नपत्रिकांना, दुसरा पापडाच्या लेबलांना आणि जागा उरली तर आम्हाला. मी गुरुवारी संध्याकाळी प्रुफं तपासायला जाई, तेव्हा समोर कोणाच्या तरी लग्नाची पिवळी कार्डं वाळत पडलेली असायची आणि त्यांच्यावर माझी कोपरं टेकू नयेत म्हणून मालक माझ्यावर डोळा ठेवून असायचे.

आता मुद्द्याकडे येतो. त्या काळी फोटो छापायचा तर त्याचा ब्लॉक करावा लागे. जस्ताच्या पत्र्यावर फोटो कोरून तो लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा आणि शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांमधे बसवायचा. ब्लॉक मुंबईहून करून आणावा लागे. आमच्या संपादकांचं धोरण असं, की ब्लॉक एकदा केला की तो झिजेपर्यंत वापरायचा. आमच्याकडे पुढाऱ्याचा एक ब्लॉक होता, त्यात तो फीत कापत होता. रस्ता असो, पाणपोई असो, श्रद्धांजली असो, तो आपला फीत कापायचा. पावसाचा एक होता. आणि फुटबॉलचा एक होता.

फुटबॉलचा फोटो खरंच सुंदर होता. कोणा अधिकाऱ्याचे पाहुणे परदेशातून आले होते, त्यांच्या कॅमेऱ्यात तो सापडला होता. आमचा गोलकीपर जमिनीपासून हातभर उंच, अगदी आडवा, दोन्ही हात पुढे. आणि चेंडू त्याच्या बोटांच्या वितभर पुढून जाळ्यात शिरतोय. गोलपोस्टमागे एक माणूस विडी पेटवतोय. बस. हा फोटो शेवटच्या पानावर मधोमध, डाव्या बाजूला शिकवणीची जाहिरात आणि उजव्या बाजूला पापडाची. दर आठवड्याला मी नवी बातमी लिहायचो आणि खाली तोच फोटो छापला जायचा. 'अंबरनाथच्या संघाचा दणदणीत विजय', खाली गोल गेलेला. 'गोलकीपरची अभेद्य कामगिरी', खाली गोल गेलेला. वाचकांना त्याचं काही वाटत नसे. वाचक पापडाची जाहिरात बघत.

एका रविवारी सामना संपल्यावर गोलकीपर माझ्याकडे आला. मूळचा कोकणातला, उंचपुरा, हाताचे पंजे ताटाएवढे आणि आवाज अगदी बारीक. चार माणसांत बोलायची वेळ आली की तो घामाघूम व्हायचा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, एक काम होतं. तेवढा तो बॉल अडवा ना."

"कुठला बॉल?"

"पेपरातला. माझं लग्न अडलंय त्याच्यापायी."

झालं होतं असं. बदलापूरला, बेलवलीत त्याला एक स्थळ आलं होतं. मुलगी दहावी झालेली, उल्हासनगरला कपडे शिवायच्या कारखान्यात जाणारी. दोघांनी एकमेकांना पाहिलं, पसंती झाली, त्याच्या आईला मुलगी आवडली. पण मुलीच्या वडलांनी हात आखडता घेतला. ते आमच्या साप्ताहिकाचे वर्गणीदार. वर्षभर दर शुक्रवारी त्यांनी या मुलाला गोल खाताना पाहिलं होतं.

"आणि साहेब," तो आणखी बारीक आवाजात म्हणाला, "तो गोल पण नव्हता. मॅच सुरू व्हायच्या आधी आम्ही सराव करत होतो. आपलाच माणूस मारत होता. तो कुठे मोजलाच नाही कोणी."

मला हसू आवरेना. पण त्याचा चेहरा बघून आवरलं. त्याला ती मुलगी मनापासून हवी होती, हे त्याच्या त्या मोठाल्या पंजांकडे बघूनही कळत होतं. ते नुसते एकमेकांत गुंतून बसले होते.

मी संपादकांकडे गेलो. म्हटलं, एक-दोन आठवडे फोटो काढू या. संपादक म्हणाले, "काढला तर तिथे भोक पडेल." ते खरं होतं. शेवटचं पान प्रेसमध्ये लोखंडी चौकटीत आवळलेलं तसंच उभं असायचं. बातमीच्या ओळी तेवढ्या बदलायच्या, बाकी पान वर्षभर जागचं हलत नसे. प्रेसमालकांना विचारलं तर ते म्हणाले, "साईं, जो बसला आहे त्याला उठवायचा नाय. एक बार उठवला तो पापड भी हिलेगा." पापडवाले त्यांचे मेव्हणे होते. विषय संपला.

मग मी ठरवलं की वडलांनाच समजावून सांगू. गोलकीपरला मागे बसवून मोपेडवर बेलवलीला गेलो. चढ आला की तो उतरून पळायचा आणि माझ्याआधी वर पोचायचा. दारात पोचल्यावर मात्र तो आत येईना. बाहेर चिंचेखाली उभा राहिला.

मुलीचे वडील शेतकरी, सोनिवलीकडे त्यांचं भात. अंगणात खाट, खाटेवर ते, नाकावर चष्मा आणि शेजारी आमच्या साप्ताहिकाचा गठ्ठा. छापील गोष्टीवर या माणसाची इतकी श्रद्धा का, ते मला तिथे कळलं. त्यांच्या जमिनीवरून भावकीत वाद होता. गावात पंच बसले, तलाठी आला, मारामारी झाली, काही होईना. मग कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी आमच्या साप्ताहिकात जाहीर नोटीस दिली, की सदर जमीन माझी आहे. ती छापून आली आणि समोरचा गप्प बसला. तेव्हापासून छापलं ते खरं, असा त्यांचा हिशेब पक्का झाला होता.

त्यांनी चहा दिला आणि सरळ विषयाला हात घातला. "पोरगा चांगला हाय. घरचे चांगले हायत. नोकरी पर्मनंट हाय. पण कामात कच्चा हाय."

"कामात?"

"गोल अडवायचं काम ना त्याचं? मंग? एकदा तरी अडवलाय का?" त्यांनी गठ्ठ्यातून अंक काढले आणि माझ्यापुढे एकेक मांडला. "हा दिवाळीचा, बगा. हा होळीचा, बगा. हा चैत्रातला. मी काय दुश्मन नाय त्याचा. वाट बगतो ना मी पण."

मी त्यांना ब्लॉक म्हणजे काय ते सांगितलं. जस्त, लाकूड, मुंबई, सगळं. फोटो एकच आहे, तोच पुन्हा पुन्हा येतो, हे तीन तऱ्हांनी सांगितलं. शेवटी म्हटलं, "काका, हा मागचा माणूस बघा. प्रत्येक फोटोत विडी पेटवतोय की नाही?"

"त्याला तोच धंदा असंल."

"बरं, हा पुढारी बघा. दर आठवड्याला फीत कापतोय."

"मंग कापतो ना. खोटं हाय का ते?"

खोटं नव्हतंच ते.

त्यांनी चष्मा काढला आणि मला समजावायला लागले. "तुमीच वर लिवता, जिंकले. खाली गोल खाल्लेला. मंग जिंकले कशे?"

"बाकीच्यांनी जास्त गोल केले म्हणून."

"असं हाय होय. मंग मी बाकीच्यांतला एकादा बगतो."

दारामागून कोणीतरी हसलं. वडलांनी मागे न बघता "चहाची भांडी घे," म्हणून सांगितलं. मुलगी बाहेर आली, भांडी घेतली, जाता जाता अंगणापलीकडे चिंचेखाली एक नजर टाकली आणि आत गेली. मी परत आलो तेव्हा गोलकीपरने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं, "तुला खेळताना बघायला येतो म्हणाले." तसं ते म्हणाले नव्हते, पण पुढच्या आठवड्यात मीच पुन्हा जाऊन त्यांना तयार केलं.

त्या सामन्यासाठी मी कंबर कसली. फोटोग्राफर ठरवला. उल्हासनगरलाच प्रेसच्या बाजूला त्याचा स्टुडिओ होता, लग्नाचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याला गोलपोस्टशेजारी उभा केला आणि सांगितलं, "बॉल त्याच्या हातात आला की फोटो काढायचा." वडील टोपी घालून बाकावर बसले होते. शेजारी मी. गोलकीपरने तिकडे एकदा पाहिलं आणि पुढची पाच-दहा मिनिटं तो पंजे शर्टाला पुसत राहिला.

उत्तरार्धात पाहुण्या टीमला पेनल्टी मिळाली. गोलकीपर मधोमध, समोर चेंडू, चेंडूमागे मुंबईचा एक आडदांड गडी. तो पळत यायला लागला आणि तेवढ्यात आमचा फोटोग्राफर ओरडला, "इधर देखो, इधर. थोडा स्माईल. चिन ऊपर."

पेनल्टी मारणाऱ्याने खरंच मान वळवली. लग्नात सवय झालेली असते माणसाला, असा आवाज आला की मान वळतेच. पाय मात्र चालूच होते. चेंडू गेला डावीकडे. गोलकीपर आडवा झाला, हवेत उठला आणि तो चेंडू त्याने दोन्ही पंजांत असा धरला की सुटायचा प्रश्नच नव्हता. मैदान उसळलं. माझ्या शेजारी वडलांनी टोपी काढून मांडीवर आपटली. "पकडला," ते म्हणाले. "बगा, पकडला." मी स्वतः त्या वेळी उभा राहून नाचलो, हे कबूल करतो.

मी पळत फोटोग्राफरकडे गेलो. त्याने फोटो काढलाच नव्हता. "कोई देखही नहीं रहा था कॅमेरे में," तो म्हणाला. "एक ने देखा, दुसरे ने नहीं देखा. ऐसा फोटो पार्टी लेती नहीं." मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्याने भरपाई म्हणून सामना संपल्यावर गोलकीपरला एकट्याला उभं केलं, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात चेंडू, मान किंचित तिरपी. फोटो झकास आला. संपादकांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "हा उभा आहे."

"हो. उभा आहे."

"आपली जागा आडवी आहे. याला आडवा करून छापू का?"

त्या शुक्रवारी मी आयुष्यातली सर्वांत चांगली बातमी लिहिली. पेनल्टी कशी अडवली याचं असं वर्णन केलं की लिहिताना माझाच श्वास अडकला. खाली फोटो छापून आला. गोलकीपर आडवा, चेंडू जाळ्यात, मागे विडी.

रविवारी मी बेलवलीला गेलो. वाटेत मनाला समजावलं होतं की आता काळजी नाही, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. ते खाटेवर खिन्न बसले होते. अंक उघडा होता.

"काका, तुम्ही तर पाहिलंत. पकडला ना त्याने?"

"मना तसंच वाटलं."

"वाटलं म्हणजे?"

"मी लांब होतो ना. ऊन होतं समोर." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "तुमचा फोटोवाला तर एकदम बाजूला होता."

मी डोक्याला हात लावून अंगणात बसलो. हा माणूस चिडलेला असता तर बरं झालं असतं. तो मनापासून दुःखी होता. त्याला मुलगा आवडला होता, त्याने टोपी आपटली होती, आणि आता पेपराने त्याच्या डोळ्यांना खोटं पाडलं होतं. जाताना मला म्हणाले, "पोराला बोला, मी रागावलो नाय. बगू पुढच्या आठवड्याला."

पुढच्या आठवड्याला काय होणार होतं ते मला माहीत होतं.

त्या गुरुवारी मी प्रेसमध्ये प्रुफं वाचत होतो. एक मुलगी आत आली, हातात डबा, बहुतेक कामावरून सरळ आलेली. मी ओळखली. तिने मला पाहिलं, पण आधी मालकांना विचारलं, "लग्नपत्रिका छापता ना?"

मालक उठून उभे राहिले. आमच्यासाठी ते कधी उठत नसत.

"एक पाहिजे," ती म्हणाली.

"एक कार्ड? बेटी, एक कार्डसाठी मशीन चालत नाय."

"मग पन्नास छापा. लागतीलच पुढे."

मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही मजकूर लिहा. बाबांना तुमची भाषा पटते." मी विचारलं, बाबांना माहीत आहे का? ती म्हणाली, "छापून आल्यावर कळेल ना."

मला जे इतक्या आठवड्यांत सुचलं नव्हतं ते या मुलीला भांडी उचलता उचलता सुचलं होतं. मी कागद ओढला. श्री कुलस्वामिनी प्रसन्न, आमची ज्येष्ठ कन्या, सगळं रीतसर लिहिलं. मुहूर्त तिने कॅलेंडरातून काढून आणला होता. निमंत्रक म्हणून वडलांचं नाव टाकलं. खाली 'आपले नम्र' मध्ये नातेवाइकांची नावं ती सांगत गेली. मी विचारलं, "आणि थोरले काका?" त्यांचा उल्लेख तिच्या वडलांच्या बोलण्यात दोन-चारदा आला होता.

"त्यांचं नाव राहू दे."

"अहो, वडील चिडतील."

"चिडू देत. काकांच्या नावावरून भांडतील, म्हणजे लग्नावरून भांडायचं राहून जाईल."

शुक्रवारी साप्ताहिकाच्या घडीत घालून ते पिवळं कार्ड बेलवलीला पोचलं. पुढचं मला मुलीने आणि नंतर तिच्या आईने सांगितलं. वडलांनी नेहमीप्रमाणे मागच्या पानापासून अंक उघडला, फोटो बघून सुस्कारा सोडला आणि कार्ड खाली पडलं. ते त्यांनी उचललं. चष्मा पुसला. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. आईचा जीव टांगणीला लागला होता. मग ते जे कडाडले ते शेजारच्या आळीपर्यंत ऐकू गेलं. "थोरल्याचं नाव नाय? माझ्या पोरीचं लगीन आणि थोरल्या भावाचं नाव नाय? भावकीत तोंड कसं दाखवू मी?"

तसेच चपला घालून ते उल्हासनगरला आले. प्रेसमालकांसमोर कार्ड आपटलं आणि म्हणाले, "ही चुकी तुमची. दुसरी छापा. सगळ्यात वर थोरला, मंग मी." मालकांनी शांतपणे विचारलं, "कितना?" वडलांनी आकडा सांगितला. तो पन्नासपेक्षा खूप मोठा होता.

लग्न झालं. टीम सगळी आली होती, कंपनीच्या बसमधून. वडलांनी मांडवात माझा हात धरून जावयाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "अडवायला शिकंल हळूहळू." साप्ताहिकात लग्नाची बातमी आम्ही शेवटच्या पानावर दिली. खाली कुठला फोटो होता ते सांगायला नको. सासऱ्यांनी तो अंकही गठ्ठ्यात ठेवला.

मग वर्षं गेली. ब्लॉक झिजत गेला. आधी जाळं गेलं, मग विडी विझली, पण आडवा माणूस आणि चेंडू तेवढे टिकले. नव्वदच्या दशकात एकेक कारखाने बंद पडायला लागले आणि एक दिवस त्या मोठ्या कंपनीच्या गेटलाही टाळं लागलं. हेल्पर, फिटर, स्टोअरकीपर सगळे एकाच दिवशी बाहेर. ज्यांना काम येत होतं त्यांना कुठेतरी काम मिळालं. फुटबॉलवाल्यांना काम कुठे येत होतं? मैदानावर गवत वाढलं. आमच्या गोलकीपरने काही दिवस घरी बसून काढले आणि मग बदलापूर स्टेशनला रिक्षा लावली.

टाळ्याची बातमी पहिल्या पानावर घ्यायचं ठरलं. संपादक आणि मी बसलो होतो, शेवटच्या पानावर आता काय घालायचं यावर बोलत होतो, तेव्हा बेलवलीचे काका दारात आले. म्हातारे झाले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"टाळ्याचं छापताव ना?"

छापणार आहोत म्हटलं.

"छापा. सगळ्यांना माहीत हाय ते." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "तेवढा पोराचा फोटो काढू नका मागचा."

संपादक म्हणाले, "काका, टीमच राहिली नाही आता."

"लोकं बोलतात तसं. मी पण ऐकलंय." ते आमच्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "पण पेपरात येतोय तवर खेळतोय ना तो. घरी दिवसभर रिक्षा पुसत बसतो. मना बघवत नाय. गोल खाऊंदे. मी कवा बोललोय आता? मैदानात असूंदे म्हणजे झालं."

मला खूप वाईट वाटलं. याच माणसावर मी एके काळी मनातल्या मनात किती चिडलो होतो. संपादकांनी आयुष्यात ज्या काही मोजक्या चांगल्या गोष्टी केल्या, त्यांतली एक त्या दिवशी केली. ते म्हणाले, "जागा आहेच, काका. ती कोण उठवतो?"

फोटो येत राहिला. बातमी नव्हती, म्हणून मी खाली फक्त 'एक क्षण' एवढंच छापायचो. प्रेस बंद होऊन साप्ताहिक ऑफसेटवर जाईपर्यंत तो दर शुक्रवारी आला.

मधे एकदा बदलापूरला गेलो तेव्हा परतताना स्टेशनपर्यंत गोलकीपरच्याच रिक्षात बसलो. त्याने पैसे घेतले नाहीत. हँडलवर ते दोन पंजे अजून ताटाएवढेच दिसत होते. मी विचारलं, सासरे कसे आहेत?

"बरे आहेत. डोळ्यांना दिसत नाही आता. शुक्रवारी संध्याकाळी मी गेलो की विचारतात, आज किती खाल्ले?"

"मग काय सांगतोस?"

"सांगतो, एकच."

आणि त्याने स्टेशनच्या बाजूला रिक्षा वळवली.